प्रकाशमापकापासून पाकळ्यांपर्यंत: कृष्णवर्णीय स्त्रियांचा प्रायोगिक सिनेमा घडतो कसा

प्रायोगिक सिनेमा म्हटलं की अनेकांना धूसर, तुटक, मुद्दाम अवघड करून ठेवलेलं काहीतरी आठवतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी गेल्या पन्नास वर्षांत केलेल्या फिल्म पाहायला घेतल्या की ही समजूत फार काळ टिकत नाही. त्यांच्याकडे प्रयोग आला तो गरजेतून. हाती आलेली कच्ची फिल्म गोऱ्या त्वचेसाठी जुळवलेली होती. पटकथेच्या ठरलेल्या साच्यात काळी बाई म्हणजे मोलकरीण, दाई, नाहीतर नायिकेची मैत्रीण. जुन्या फिल्मच्या संग्रहात शोधायला जावं तर आजी-पणजीचं चित्रण सापडत नाही, आणि सापडलंच तर ते कोणा दुसऱ्याच्या नजरेतलं. अशा सामग्रीतून स्वतःचं रूप आणि स्वतःचा आनंद पडद्यावर आणायचा तर आधी सामग्रीलाच हात घालावा लागतो. म्हणून या फिल्म समजून घेण्याचा सगळ्यात चांगला रस्ता त्यांच्या कारागिरीतून जातो. प्रकाश कसा मोजला, कॅमेऱ्याचा वेग का बदलला, आवाज चित्रापासून का सोडवला, फिल्मची पट्टी का खरवडली, हे कळलं की अर्थ आपोआप उलगडत जातो.

लॉस एंजेलिसमधली सुरुवात

१९६५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठा उठाव झाला. पुढच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांनी रेटा लावल्यामुळे तिथल्या यूसीएलए विद्यापीठात ‘एथ्नो-कम्युनिकेशन्स’ हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी मुलामुलींच्या हाती कॅमेरा आला. ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव मराठी वाचकांना १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे चांगलंच ओळखीचं आहे. त्याच काळात, त्याच वातावरणात हे विद्यार्थी सिनेमा शिकत होते. चार्ल्स बर्नेट आणि हेले गेरिमा या दिग्दर्शकांसोबत जुली डॅश, बार्बरा मॅककलो, अलिले शॅरन लार्किन, झैनाबू आयरीन डेव्हिस अशा दिग्दर्शिका याच विद्यापीठातून पुढे आल्या. समीक्षक क्लाइड टेलर यांनी १९८६ मध्ये या सगळ्यांना मिळून ‘एल. ए. रिबेलियन’ असं नाव दिलं आणि तेच रूढ झालं.

या मंडळींचा बहुतेक सिनेमा १६ मिलिमीटर फिल्मवर झाला. त्याचं गणित माहीत असलं तर त्या फिल्म छोट्या का आहेत हे लक्षात येतं. १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं, ४०० फुटांचं ११ मिनिटांत. फिल्म, धुलाई आणि प्रिंट असा तिहेरी खर्च प्रत्येक मिनिटाला लागतो. तेव्हा सहा-सात मिनिटांत पुरं होईल असं काहीतरी घट्ट रचावं लागतं.

जुली डॅश यांची ‘फोर विमेन’ (१९७५) ही सात मिनिटांची फिल्म पाहायला सुरुवात करण्यासाठी उत्तम. नीना सिमोन यांच्या त्याच नावाच्या गाण्यात चार काळ्या स्त्रिया आहेत. डॅश यांनी त्या चौघी एकाच नर्तिकेकडून, लिंडा मार्टिना यंग यांच्याकडून करून घेतल्या. संवाद नाही, घटना नाही. वेशभूषा, केस आणि शरीर धरण्याची पद्धत बदलते आणि तीच स्त्री वेगळी होते. काळ्या बाईबद्दलचे चार ठोकळे एकाच शरीरावर चढवून उतरवले की ते ठोकळे आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्वचा आणि प्रकाश

रंगीत प्रिंट जुळवण्यासाठी कोडॅककडून प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र मिळायचं. त्यावर गोरी स्त्री असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर लागलं, असा हिशेब. परिणामी गडद तपकिरी छटांमधला बारीक फरक टिपण्याकडे अनेक वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. गोरी आणि काळी मुलं एकाच फोटोत असली की काळ्या मुलांचे डोळे आणि दात तेवढे दिसत. कंपनीने या छटांकडे लक्ष दिलं त्यामागे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असं तिथे काम केलेल्यांनीच लोर्ना रॉथ या अभ्यासक बाईंना सांगितलं आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड आलं ते १९९०च्या दशकात. माणसांच्या तक्रारीने जे झालं नाही ते टेबल-खुर्च्यांच्या तक्रारीने झालं, ही गोष्ट आजही वाचताना अंगावर येते.

फिल्म सुधारली, पण मोजमापातली अडचण उरली, आणि ती आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही आहे. वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं सगळं सरासरी १८ टक्के प्रकाश परावर्तित करतं. गोरी त्वचा साधारण ३५ टक्के परावर्तित करते, खूप गडद त्वचा १० टक्क्यांहूनही कमी. दोघींमध्ये जवळपास दोन स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतर, म्हणजे चौपट फरक. इथून दोन उलट्या चुका होतात. फक्त गडद चेहरा मोजला तर मीटरला वाटतं अंधार आहे. ते जास्त प्रकाश घ्यायला सांगतं आणि चेहरा राखाडी, फिकट होतो. मागे पांढरी भिंत किंवा आकाश असताना सगळी चौकट मोजली तर मीटर प्रकाश कमी करायला सांगतं आणि चेहरा काळ्या डागासारखा बुडतो.

यावर उपाय म्हणजे चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजणं. पांढरी अर्धगोल टोपी असलेलं मीटर चेहऱ्याजवळ धरायचं, टोपी कॅमेऱ्याकडे, आणि येईल तो आकडा पायाभूत धरायचा. मग त्वचेचा रंग आहे त्याच जागी पडतो. डिजिटल कॅमेऱ्यात पातळी दाखवणारा आलेख असेल तर गडद चेहऱ्याचा मुख्य भाग साधारण ३५ ते ५० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवावा. गोऱ्या चेहऱ्यासाठी सांगितला जाणारा ६० ते ७० टक्क्यांचा नियम इथे लावला की त्वचेचा रंगच निघून जातो. उलट, कमी प्रकाशात शूट करून नंतर संगणकावर उजळवू म्हटलं तर सावल्यांमध्ये रंगीत कण उठतात आणि नेमके गालावर, हनुवटीखाली दिसतात. थोडा जास्त प्रकाश घेऊन ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतरच्या रंग-उजेडाच्या जुळवणीत, खाली आणणं केव्हाही बरं.

गडद त्वचेचा घाट उजळ भाग आणि सावली यांच्यापेक्षा तकाकीवरून अधिक कळतो. गालाचं हाड, कपाळ, खांद्याची गोलाई ही प्रकाशाच्या प्रतिबिंबातून दिसते. म्हणून दिव्याचा झोत थेट चेहऱ्यावर टाकला की एक बारीक पांढरा ठिपका उमटतो आणि बाकीचा चेहरा तसाच राहतो. त्याऐवजी दिवा पांढऱ्या थर्माकोलवर मारावा. चार फूट बाय चार फुटांचा तुकडा चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, थोडा बाजूला आणि थोडा मागे ठेवला की त्याचं मोठं, मऊ प्रतिबिंब त्वचेवर पसरतं. कोन आरशासारखाच चालतो, त्यामुळे थर्माकोल हळूहळू सरकवत कॅमेऱ्यातून पाहायचं आणि तकाकी गालावर आली की थांबायचं. मेकअपमध्ये पावडर टाळून मॉइश्चरायझरचा पातळ हात द्यावा. पावडरने तकाकी जाते आणि तिच्याबरोबर चेहऱ्याचा घाटही जातो. चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर लेन्सवर राहून गेला तरी हेच होतं, आणि ही चूक पटकन लक्षात येत नाही.

दोन वेगळ्या वर्णांचे चेहरे एका चौकटीत असतील तर अंतर कामी येतं. दिव्यापासून दुप्पट अंतरावर प्रकाश चौथा हिस्सा उरतो. तेव्हा गडद चेहरा दिव्याजवळ बसवला आणि उजळ चेहरा लांब, की बराचसा फरक जागेवरच भरून निघतो. बाकीचा उजळ बाजूला जाळी लावून कापता येतो. नेहमी उलटं केलं जातं, कारण दिवे आधी ‘मुख्य’ पात्रासाठी लावले जातात. कोणाच्या चेहऱ्यासाठी प्रकाश लावायचा हा निर्णय तांत्रिक वाटला तरी त्यात नायिका कोण हे ठरलेलं असतं.

वेळ वाकवणं: ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’

जुली डॅश यांचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ (१९९१) हा ११२ मिनिटांचा चित्रपट या सगळ्याचा कळस म्हणता येईल. काळ १९०२. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर राहणाऱ्या, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांच्या गल्ला समाजातलं पीझंट कुटुंब बेट सोडून उत्तरेकडे निघायच्या तयारीत आहे, आणि म्हाताऱ्या नाना पीझंट जायला तयार नाहीत. सांगायला कथानक एवढंच. निवेदन काही अंशी अजून जन्मालाच न आलेली मुलगी करते. डॅश यांना गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या परंपरागत कथाकारासारखी उलगडायची होती, अनेक दिवस, अनेक फाटे फोडत. पात्रं गल्ला बोली बोलतात आणि खाली उपशीर्षकं नाहीत. पहिली वीस मिनिटं नाती नीट लागत नाहीत. ती लावायचा अट्टहास न करता चेहरे, हात आणि कपडे पाहत राहावं, नाती पुढे लागतात.

छायाचित्रण आर्थर जाफा यांचं. बहुतेक प्रकाश नैसर्गिक. कोडॅकऐवजी आगफाची फिल्म निवडली, कारण काळ्या त्वचेच्या छटा तिच्यावर अधिक चांगल्या येतात असं या दोघांचं मत होतं. सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला.

सगळ्यात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चालू शॉटमध्येच बदलणारा वेग. किनाऱ्यावर मुली खेळत असतात आणि मधेच हालचाल जड होते, पुन्हा मोकळी होते. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवरून ४८वर नेला की प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ अर्धा होतो, म्हणजे एक स्टॉप प्रकाश कमी पडतो. वेग बदलत असताना त्याच लयीत अपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, उघडत गेलं नाही तर चित्र शॉटमध्येच काळवंडतं. वेग आणि अपर्चर एकमेकांशी बांधणारं यंत्र जाफा यांनी वापरलं ते यासाठी. पुढे त्यांनी यावर सविस्तर मांडणी केली. कृष्णवर्णीय गायक जसा सूर सरळ न धरता वाकवतो, थरथरवतो, उशिरा पकडतो, तशी चित्राची गतीही वाकवता यावी, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यासाठी कॅमेऱ्याचा अनियमित वेग आणि एकेक फ्रेम दोनदा-तीनदा छापणं, हे दोन मार्ग ते सुचवतात.

डिजिटलवर हे करायचं तर पूर्ण शॉट ९६ किंवा १२० फ्रेमला घ्यावा आणि वेगाचे चढउतार संपादनात द्यावेत. मग प्रकाश बदलत नाही. मात्र २४ फ्रेमला घेतलेलं चित्र सॉफ्टवेअरकडून मधल्या फ्रेम ‘तयार करून’ मंद करू नये. कुरळ्या केसांच्या कडा आणि जाळीदार सुती कापड अशा ठिकाणी ते हमखास फसतं, कडा पाण्यासारख्या वितळतात. केस आणि पांढरे पोशाख हीच जिथे मुख्य दृश्यसामग्री आहे तिथे हा दोष झाकता येत नाही. त्यापेक्षा फ्रेम सरळ दोनदा वापरावी. हिसका दिसतो, पण तो प्रामाणिक असतो.

नाना पीझंट यांचे हात निळे आहेत. गुलामीच्या काळात निळीच्या कुंडांवर काम केल्याची ती खूण. इतक्या वर्षांनी नीळ हातावर टिकत नाही, हे इतिहासाच्या सल्लागारांनी डॅश यांना सांगितलं होतं. तरी त्यांनी रंग ठेवला, कारण गुलामी दाखवायची नेहमीची चित्रं म्हणजे चाबकाचे वळ आणि साखळ्या, ती त्यांना पुन्हा दाखवायची नव्हती. प्रतीक नवं हवं असेल तर तपशिलाशी कुठे इमान राखायचं आणि कुठे सोडायचं, हे आधी अभ्यास केला तरच ठरवता येतं. त्यांनी अभ्यास केला आणि मग सोडलं.

जानेवारी १९९२ मध्ये हा चित्रपट न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात लागला. अमेरिकेत सर्वसाधारण प्रदर्शन मिळालेला, आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला कथापट. २०१६ मध्ये बियॉन्से यांच्या ‘लेमोनेड’ या दृश्य-अल्बममध्ये त्याची छाया दिसली, त्याच वर्षी दुरुस्त केलेली प्रत पुन्हा प्रदर्शित झाली आणि नव्या पिढीने तो पाहिला.

शरीर आणि जागा

बार्बरा मॅककलो यांची ‘वॉटर रिच्युअल क्रमांक १’ (१९७९) सहा मिनिटांची, कृष्णधवल. वॉट्स भागात महामार्गासाठी घरं पाडून मोकळी केलेली आणि मग तशीच पडून राहिलेली जागा. तिथे योलांडा विडाटो भग्न भिंतींमध्ये बसून एक विधी करतात आणि शेवटी त्याच जमिनीवर लघवी करतात. पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. पण शुद्धीचा विधी स्वतःच्या शरीरातल्या पाण्याने, आणि तोही सरकारने उद्ध्वस्त करून सोडलेल्या जागी, हे कळलं की फिल्मचं नाव अगदी शब्दशः घ्यायचं आहे हे समजतं. तसं करण्यासाठी मॅककलो यांना फार काही बांधावं लागलं नाही. जागा निवडण्यातच अर्धी फिल्म झाली आहे.

झैनाबू आयरीन डेव्हिस यांची ‘सायकल्स’ (१९८९, १७ मिनिटं) पूर्ण वेगळ्या सुराची. एक तरुणी पाळीची वाट पाहते आहे. घर पुसते, अंघोळ करते, थांबून राहते. अनेक स्त्रियांचे आवाज तिच्याभोवती कुजबुजतात, तिला धीर देतात. अनेकींना ओळखीची असलेली ही धास्ती पडद्यावर इतक्या प्रेमाने क्वचितच आली असेल. वाट पाहण्याचा काळ दाखवायला डेव्हिस यांनी स्थिरचित्रं आणि माणसाचं फ्रेम-फ्रेमने केलेलं ॲनिमेशन यांचा वापर केला.

हे तंत्र घरीही करता येतं. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, फोकस आणि प्रकाश दोन्ही हाताने ठरवलेले. माणूस थोडा हलतो, थांबतो, चित्र घ्यायचं, पुन्हा हलतो. प्रत्येक स्थिती दोन फ्रेम धरली तर सेकंदाला १२ स्थिती, दहा सेकंदांना १२०. खिडकीतून ऊन येत असेल तर ढगाबरोबर प्रकाश बदलत राहतो आणि चित्र लुकलुकतं, म्हणून पडदे ओढून दिव्यावर काम करावं. पायांच्या जागा फरशीवर खडूने आखल्या नाहीत तर माणूस घसरत गेल्यासारखा दिसतो.

आवाज कोणाचा

डॅश यांची ‘इल्युजन्स’ (१९८२, ३४ मिनिटं) १९४२च्या हॉलिवूडमध्ये घडते. मिन्यॉन ही स्टुडिओतली वरच्या पदावरची स्त्री. ती काळी आहे हे तिथे कोणाला माहीत नाही. एस्टर ही गायिका पडद्यावरच्या गोऱ्या तारकेसाठी मागून गाते. गोऱ्या चेहऱ्यावर काळा आवाज चढवला जातो आणि श्रेय चेहऱ्याला मिळतं. आता एस्टर जे गाते ते प्रत्यक्षात एला फिट्झजेराल्ड यांचं ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे आवाज उसना घेण्यावरच्या दृश्यात आवाज उसनाच आहे. काच आणि पडदा यांच्यामध्ये एस्टर जिथे उभी राहते तिथे चौकट थांबवून पाहा. दोन चेहरे, एक आवाज.

कॉलीन स्मिथ यांची ‘क्रॉनिकल्स ऑफ अ लायिंग स्पिरिट’ (१९९२) सहा मिनिटांची. काल्पनिक स्त्रीचं आत्मचरित्र दोन आवाज एकाच वेळी सांगतात, एक पुरुषाचा आणि एक तिचा, आणि चित्रमालिका पुन्हा येते तेव्हा आपण वेगळं काहीतरी ऐकतो. असे दोन आवाज रचताना दोन्हींची पातळी सारखी ठेवली तर गोंगाट होतो. एक पाच-सहा डेसिबलने खाली ठेवून दोघांच्या वाक्यांचे शेवट वेगळ्या क्षणी येतील असे सरकवावे. कान त्या फटीत शिरतो.

डेव्हिस यांच्या ‘कॉम्पेन्सेशन’ (१९९९) मध्ये ऐकू न येणारी कृष्णवर्णीय स्त्री आणि ऐकू येणारा पुरुष यांच्या दोन प्रेमकथा आहेत, एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिकागोतली, एक १९९०च्या दशकातली. मिशेल ए. बँक्स या कर्णबधिर अभिनेत्रीला घेतल्यावर पटकथा बदलली. जुन्या मूकपटांसारख्या पाट्या, खुणांची भाषा आणि अक्षरं हे सगळं फिल्मच्या रचनेत गेलं. जुनं शिकागो उभं करायला पैसे नव्हते, तिथे संग्रहातली छायाचित्रं वापरली. त्या छायाचित्रांत खरोखर त्या काळात जगलेली कृष्णवर्णीय माणसं आहेत. सेट उभारला असता तर ती दिसली नसती.

संग्रह नसेल तर

शेरिल डुनये यांना ‘द वॉटरमेलन वुमन’ (१९९६) साठी १९३०च्या दशकातल्या एका काळ्या, समलिंगी अभिनेत्रीची छायाचित्रं हवी होती. संग्रहांत ती नव्हती, जे होतं त्याचं शुल्क परवडणारं नव्हतं. मग अभिनेत्रीच काल्पनिक रचली आणि छायाचित्रकार झोई लेनर्ड यांच्यासोबत तिच्या आयुष्याची पाऊणशेहून अधिक ‘जुनी’ छायाचित्रं तयार केली. घड्या, डाग, कडेला टंकलेले मजकूर सगळं काही. फिल्म संपताना हे कल्पित आहे असं पाटीवर स्पष्ट सांगितलं आहे. ती कबुली फार महत्त्वाची. ती नसती तर काही वर्षांत हीच छायाचित्रं खरी म्हणून फिरली असती.

आयोका चेंझिरा यांनी ‘हेअर पीस’ (१९८४) ही दहा मिनिटांची ॲनिमेशन-फिल्म केसांवर केली. गरम कंगवे, रसायनं, जाहिराती अशी कुरळे केस सरळ करण्याची सगळी सामग्री कातरकामातून येते आणि हसत हसत मोडीत निघते.

जटोव्हिया गॅरी यांचा मार्ग असा की संग्रहातलं चित्र घ्यायचं आणि त्याच्यावर हाताने काम करायचं. ‘ॲन एक्स्टॅटिक एक्स्पिरियन्स’ (२०१५) मध्ये रूबी डी या अभिनेत्री गुलामीतल्या एका स्त्रीची साक्ष सादर करतात. गॅरी यांनी त्या चित्रावर रेघा ओढल्या, रंग भरले. चेहऱ्याभोवती वलय फडफडत राहतं. ‘द जिव्हर्नी डॉक्युमेंट’ (२०१९) मध्ये त्या न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यावर उभ्या राहून कृष्णवर्णीय स्त्रिया आणि मुलींना विचारतात, स्वतःच्या शरीरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का? त्या उत्तरांच्या मध्ये फ्रान्समधल्या, चित्रकार मोने यांच्या बागेत वावरणाऱ्या गॅरी स्वतः, नीना सिमोन यांचा १९७६चा मॉन्ट्रो महोत्सवातला कार्यक्रम, आणि फिल्मवर चिकटवलेली पानं-पाकळ्या. सुंदर बागेत काळी बाई निवांत पहुडलेली आहे, एवढं साधं चित्रही किती दुर्मीळ आहे हे तेव्हा जाणवतं.

फिल्मवर थेट काम करायचं असेल तर १६ मिलिमीटरची पारदर्शक किंवा काळी पट्टी, किंवा टाकाऊ प्रिंट घ्यावी. मूळ निगेटिव्हला कधीही हात लावू नये. एका फ्रेमची उंची साडेसात मिलिमीटरच्या आसपास. एक सेकंद म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर पट्टी, एक मिनिट म्हणजे ११ मीटर आणि १,४४० फ्रेम. तेव्हा पहिल्यांदा दहा सेकंदांचंच ध्येय ठेवावं. पट्टीखाली दिवा असलेली काच हवी. इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची, बाजू निस्तेज दिसते. ओलसर ओठांमध्ये कोपरा धरला तर ती बाजू किंचित चिकटते. खरवडायचं याच बाजूने. काळ्या रंगीत प्रिंटवर सुई हलकी फिरवली की आधी हिरवी रेघ येते, थोडं खोल गेलं की पिवळी, आणि सगळे थर निघाले की पांढरी. जोर कमी-जास्त करून रंग मिळवता येतो, हे कळलं की हात सुटतो. एकच खूण एका फ्रेमवर केली तर ती डोळ्यात भरत नाही. चार ते आठ फ्रेमवर जवळजवळ त्याच जागी केली तर ती जिवंत थरथरताना दिसते.

शाई लावण्याआधी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी, बोटांच्या तेलावर शाई धरत नाही. पक्की मार्कर किंवा ॲक्रिलिक शाई वापरावी आणि रात्रभर वाळू द्यावी. ओली पट्टी गुंडाळली तर रंग मागच्या वेढ्यावर उमटतो. पाकळ्या जड पुस्तकाखाली निदान आठ-दहा दिवस दाबून पूर्ण वाळवाव्यात. ओलावा राहिला तर टेपखाली बुरशी येते. देठ आणि जाड शिरा काढून टाकाव्यात. पाकळी फिल्म जोडायच्या पारदर्शक टेपखाली घ्यावी आणि कडेची भोकं मोकळी आहेत ना हे एकेक करून पाहावं. एक भोक बुजलं तरी प्रोजेक्टरमध्ये पट्टी अडकते आणि दिव्याच्या उष्णतेने जळते. जाडी वाढलेली पट्टी प्रोजेक्टरवर न चालवता दातेरी चाकांऐवजी रबरी रुळांवर फिल्म ओढणाऱ्या स्कॅनरवर एकदाच स्कॅन करून घ्यावी, आणि पट्टीवर काय चिकटवलं आहे ते प्रयोगशाळेला आधी सांगावं.

फिल्म मिळत नसेल तर डिजिटल चित्राच्या सेकंदाला १२ फ्रेम काढून ए-४ कागदावर बारा-बारा छापाव्यात. एका मिनिटाला ६० कागद होतात. चारही कोपऱ्यांत अधिक चिन्हाच्या (+) खुणा छापल्या नाहीत तर पुन्हा स्कॅन केल्यावर चौकट नाचते.

हक्क आणि जतन

या परंपरेतल्या फिल्म अडून राहिल्या त्या बऱ्याचदा संगीतामुळे. चार्ल्स बर्नेट यांची ‘किलर ऑफ शीप’ १९७८ पासून रीतसर प्रदर्शित होऊ शकली नव्हती. गाण्यांच्या हक्कांपोटी सुमारे दीड लाख डॉलर भरल्यावर ती २००७ मध्ये लागली. एका गाण्याचे दोन हक्क असतात, रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दोन्ही घ्यावे लागतात. ‘फक्त महोत्सवांसाठी’ अशी स्वस्त परवानगी मिळते, पण तिला मुदत असते, आणि ती संपल्यावर फिल्म घरात बसते. संगीत फिल्मचा कणाच असेल, जसं ‘फोर विमेन’ मध्ये आहे, तर हक्कांची बोलणी संपादनाआधी उरकावीत.

यूसीएलएच्या संग्रहाने २०११ मध्ये या चळवळीतल्या फिल्मचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि अनेक प्रती दुरुस्त केल्या. ॲसिटेट फिल्म दमट, उबदार जागी ठेवली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, डब्याला व्हिनेगरचा वास येतो आणि पट्टी आक्रसते. वास आला की तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवायचा, कारण ही वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. मुंबई-कोकणाच्या हवेत तर हे फार लवकर होतं, तिथे फिल्म वातानुकूलित, कोरड्या जागीच हवी. डिजिटल प्रतीच्या तीन नकला, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. उपशीर्षकांची फाइल स्वतंत्र ठेवावी, चित्रात कायमची छापू नये. आणि डब्यात एक कागद ठेवावा. त्यावर पडद्यावर दिसणाऱ्या, मागून गाणाऱ्या, केस बांधून देणाऱ्या प्रत्येकीचं पूर्ण नाव, कोणतं गाणं कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या हक्काने घेतलं आहे, आणि शूटिंग कुठे झालं, हे पेन्सिलने लिहिलेलं असावं.